आईला आठवत नाही, आता काय? नाशिकमधल्या घरांसाठी सुरुवातीची वाट

नाशिकमध्ये आता बऱ्याच घरांत दोनच माणसं राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढची. मुलं पुण्याला, नाहीतर बंगलोरला. फोनवर रोज बोलणं होतं, आवाज खणखणीत असतो, जुन्या गोष्टी तर सालासकट सांगितल्या जातात. मग दिवाळीला घरी आल्यावर दिसतं की फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांचा ढीग साठलाय, लाइट बिल दोनदा भरलंय आणि आई तासाभरात चौथ्यांदा विचारतेय, "तू कधी आलास?"

हा लेख अशा घरांसाठी आहे, ज्यांना अजून डॉक्टरकडे कुठे जायचं हेही ठरवता आलेलं नाही. पुढचं सगळं एका समजुतीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगतो. हे माणूस हट्ट करत नाही, नाटक करत नाही, तुमचं बोलणं कानाआड टाकत नाही. त्याच्या मेंदूत नवी नोंदच होईनाशी झाली आहे. हे घरातल्या सगळ्यांना पटायला वेळ लागतो, आणि बहुतेक भांडणं तोवरच होतात.

आधी वही घ्या

डॉक्टरकडे धावण्याआधी आठ-दहा दिवस नीट पाहा आणि लिहा. अपवाद एकच: विसरणं किंवा भ्रमिष्टपणा दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तोंड वाकडं झालं असेल, हातापायातली ताकद गेली असेल, बोलणं अडखळत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, शेजारणीचं नाव जिभेवर येऊन अडकणं, खोलीत कशाला आलो ते क्षणभर न सुचणं, हे सगळ्यांचं होतं. नाव नंतर आठवतं, चष्मा सापडतो. काळजीचं विसरणं वेगळं असतं. त्यात आख्खी घटनाच पुसली जाते. काल भाची जेवायला आली होती, हे सांगूनही आठवत नाही. पंचवटी कारंजापासून घरापर्यंतच्या, चाळीस वर्षं पायाखालच्या रस्त्यावर गोंधळ उडतो. पुरणाचा स्वयंपाक जिच्या हातचा, तिला डाळ शिजवल्यावर पुढे काय करायचं ते उमगत नाही. भाजीवाल्याला पाचशेची नोट देऊन सुट्ट्याची वाटच पाहिली जात नाही.

वहीत तारीख, वेळ आणि काय घडलं एवढंच लिहा. "विसरते" असं लिहून काही उपयोग नाही. "सकाळी गोळी घेतली, अर्ध्या तासाने परत मागितली" असं लिहा. त्याखाली आणखी एक यादी करा: वर्षभरापूर्वी हे माणूस कुठली कामं स्वतः करत होतं? भिशीचा हिशेब, पेन्शनचं पासबुक भरून आणणं, सिटीलिंकच्या बसने एकट्याने नाशिकरोडला जाऊन येणं, एकादशी-चतुर्थी ध्यानात ठेवणं. यातलं काय सुटलं? डॉक्टरला हवी असते ती हीच यादी. आठवण किती कमी झाली यापेक्षा त्यामुळे रोजचं जगणं किती अडलं, यावर निदान ठरतं.

एक बारीक गोष्ट पाहून ठेवा. तक्रार कोण करतंय? "मला हल्ली काही आठवत नाही हो" असं स्वतः कळवळून सांगणाऱ्या माणसात पुष्कळदा नैराश्य किंवा झोपेचा त्रास निघतो. "मला काही झालेलं नाही, यांचंच डोकं फिरलंय" असं म्हणणाऱ्याच्या घरचे घाबरलेले असतील, तर ते अधिक गंभीरपणे घ्या. हा काही पक्का नियम नव्हे, पण दिशा कळते.

मेंदूत नेमकं काय बिघडतं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. काय बिघडलंय हे कळलं तर कसं वागायचं ते निम्मं आपोआप सुचतं.

दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. दिवसभरात जे घडलं ते टिकवून ठेवायचं काम मुख्यतः त्याच्याकडे. रविवार कारंजावरच्या जुन्या पेढीत रोजकीर्द आणि खातेवही वेगळी असायची, तसं समजा: रोजचे व्यवहार आधी रोजकीर्दीत पडतात, मग सावकाश खातेवहीत जातात. हिप्पोकॅम्पस ही रोजकीर्द. अल्झायमर या विसरण्याच्या आजाराची सुरुवात बहुतेकदा याच भागात आणि त्याच्या शेजारी होते. त्यामुळे आजची नोंद पडत नाही, पण १९७२चा दुष्काळ, लग्नातला रुखवत, पहिला पगार हे खातेवहीत जाऊन बसलेलं असतं, ते शाबूत राहतं. "जुनं सगळं आठवतं, मग सकाळचं कसं नाही आठवत?" हा प्रश्न प्रत्येक घरात रागाने विचारला जातो. त्याचं उत्तर हे आहे.

याचा सगळ्यात लख्ख पुरावा एका अमेरिकन माणसाच्या शस्त्रक्रियेतून मिळाला. हेन्री मोलेसन यांना फेफरं येत असे. १९५३ मध्ये ते थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फेफरं कमी झालं, बुद्धी तल्लख राहिली, पण नवी आठवण तयार होणं कायमचं थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेटीत त्या नव्यानेच भेटल्यासारख्या होत. मिलनर यांनी त्यांच्याकडून आरशात पाहून चांदणी गिरवून घेतली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्यांना एकदाही आठवलं नाही. हाताची सवय मेंदूत वेगळ्या जागी साठते, हे त्यातून कळलं. तुमच्या आजीला नातवाचं नाव सांगता येत नाही, पण समोर कापूस ठेवला की ती पटापट वाती वळते, ते यामुळेच.

दुसरा एक शोध घरच्यांनी लक्षात ठेवावा असा. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या माणसांना दुःखी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काय पाहिलं ते ती माणसं थोड्याच वेळात विसरली, उदासपणा मात्र मागे राहिला. म्हणजे तुम्ही सकाळी आईवर ओरडलात, तर ती ओरडणं विसरेल. पण दुपारपर्यंत ती का घाबरीघुबरी आहे, हे ना तिला सांगता येईल ना तुम्हाला कळेल.

आजाराचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते आलोइस अल्झायमर जर्मन डॉक्टर. पन्नाशीतल्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत, तिच्या मृत्यूनंतर, त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत धाग्यांच्या गुठळ्या दिसल्या. १९०६ मध्ये त्यांनी ते मांडलं. थर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि गुठळ्या टाऊच्या, हे पुढे कळलं. ही साचण लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून सुरू होते. त्यामुळे "मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं, त्याचाच धक्का बसला" हा हिशेब सहसा खरा नसतो. आजार आधीच होता, ऑपरेशननंतर उघडा पडला.

कुठे आणि कसं दाखवायचं

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून करा. त्यांना माणूस पूर्वी कसा होता ते ठाऊक असतं, आणि रक्ताच्या पहिल्या तपासण्या तेच लिहून देऊ शकतात. पुढे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे न्यूरोलॉजिस्ट, किंवा वृद्धांचे आजार पाहणारे मानसोपचारतज्ज्ञ, दोन्ही चालतात. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की घरात "आमची आई काय वेडी आहे का?" सुरू होतं. ते चालू द्या, अपॉइंटमेंट घेऊन ठेवा. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, आणि आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हे दोन पर्याय आधी विचारून पाहा. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडी आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात धरू नका.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. सगळ्या म्हणजे मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची, झोपेची, ॲसिडिटीची गोळीसुद्धा, काढे आणि चूर्णंही. वही न्या. आणि डॉक्टरांना पाच मिनिटं वेगळं भेटू द्या अशी विनंती करा. आईसमोर तिचे पाढे वाचणं तिला अपमानाचं वाटतं. शिवाय परक्या माणसासमोर ही मंडळी सावरून बसतात. "जेवण झालं का?" विचारलं तर छान हसून "झालं की" म्हणतात. वीस मिनिटं ते इतकं बेमालूम जमतं की सोबत आलेली सूनच खोटी पडते.

डॉक्टर काही प्रश्न विचारतील: आजचा वार कोणता, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तीस गुणांची ही परीक्षा असते. ती मराठीत घ्या म्हणून सांगा, आणि शिक्षण किती झालंय तेही सांगा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला वीस गुण आणि निवृत्त मुख्याध्यापकाला वीस गुण यांचा अर्थ एक नसतो. कानाचं यंत्र, चष्मा घालूनच बसवा. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांना यंत्र बसवलं की घरच्यांचा निम्मा संशय फिटतो, असंही घडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विसरण्याची काही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात, आणि ती आधी शोधायची. "वय झालं, चालायचंच" म्हणून घरी बसलात तर हीच संधी हातची जाते.

बी १२ ची कमतरता आपल्याकडे खूप दिसते. शाकाहारी घर, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्यात रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, हे तीन एकत्र आले तर तपासल्याशिवाय राहूच नका. थायरॉइड मंदावलं तरी माणूस सुस्त आणि विसराळू होतो. रक्तातलं सोडियम उतरलं, विशेषतः रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, तर बडबड आणि गोंधळ सुरू होतो. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, हातपाय थरथरण्यावर दिलेल्या काही गोळ्या स्मरणावर सरळ परिणाम करतात. नैराश्याबद्दल वर आलंच. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांत बी १ कमी पडून स्मृती जाते, आणि ते वेळेत सापडलं तर बरंच वाचवता येतं.

मेंदूभोवती साचलेलं रक्त हे कारण मात्र हमखास निसटतं. श्रावणात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हातारा माणूस घसरतो, डोक्याला टेंगूळ येतं, हळद लावली जाते आणि विषय मिटतो. कवटीच्या आत सावकाश रक्त साचत राहतं आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस विसरू लागतं, पेंगतं, चालताना झोकांड्या खातं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. सीटी स्कॅनमध्ये हे लगेच दिसतं आणि शस्त्रक्रियेने बहुतेकदा सुधारतं. म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांतली प्रत्येक पडझड, बाथरूममधलीही, डॉक्टरांना सांगा. तसंच पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरणं हे तिन्ही एकत्र आलं तर तेही सांगा. मेंदूतलं पाणी वाढण्याचा तो एक प्रकार असतो आणि त्यावरही उपाय आहे.

निदान झालं, आता गोळ्या

भारतातल्या साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, असा देशभराच्या पाहणीवरचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. डिमेन्शिया हे त्या सगळ्या अवस्थेचं नाव, अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. छोट्या-मोठ्या झटक्यांनी मेंदूचा रक्तपुरवठा तुटून होणारा प्रकार पायरीपायरीने उतरतो: काही महिने जैसे थे, मग एकदम घसरण. त्यात रक्तदाब आणि साखर सांभाळणं हाच मोठा उपचार. लेवी बॉडी प्रकारात समोर नसलेली मुलं, मांजरं दिसतात आणि एक दिवस चांगला, एक दिवस वाईट जातो. या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं फार जड जाऊ शकतात, म्हणून दवाखान्यात रात्रपाळीला नवा डॉक्टर आला तरी हे तोंडाने सांगा. पन्नाशी-साठीतच माणसाचा स्वभाव बदलला, लाजलज्जा सुटली, पण आठवण बरी आहे, तर मेंदूच्या पुढच्या भागाचा प्रकार असू शकतो. तो घरच्यांना आजार वाटतच नाही, तिथे घटस्फोटाच्या गोष्टी सुरू होतात.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही नावं चिठ्ठीवर दिसतील. त्यांनी आजार थांबत नाही. काही जणांत काही काळ लक्ष आणि वागणं थोडं सावरतं, काहींत फरक दिसत नाही. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते. चक्कर आली तर गोळी आपल्या मनाने चालू ठेवू नका आणि बंदही करू नका, फोन करा. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या औषधांच्या बातम्या व्हॉट्सॲपवर फिरतात. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. ते अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी आहे, घसरण काहीशी मंदावते, गेलेलं परत येत नाही, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे पाहायला वारंवार एमआरआय लागतो. "स्मरणशक्ती परत आणणाऱ्या" पुड्या विकणाऱ्यांना मात्र घराच्या पायरीवरूनच निरोप द्या. त्या पैशात एक चांगला दिवसभराचा मदतनीस येतो.

बोलायचं कसं

"सांग बघू, मी कोण?" हा खेळ आजपासून बंद. घरी आलेला प्रत्येक पाहुणा हा प्रश्न विचारतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कसनुसं हसू येतं. पाहुण्यांना दारातच सांगून ठेवा: आत गेल्यावर स्वतःचं नाव आणि नातं सांगा. "काकू, मी सिडकोतला सुनील, तुमच्या सुमनचा मुलगा." एवढ्याने भेट सुखाची होते.

तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर दहाव्यांदा तेच उत्तर, त्याच स्वरात. "आत्ताच सांगितलं ना!" या वाक्याने माहिती मिळत नाही, फक्त आपण काहीतरी चुकलो एवढं कळतं. उत्तर भिंतीवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं तर वाचता येणाऱ्यांना खूप आधार होतो: "आज गुरुवार. मीना सहा वाजता येणार. जेवण झालं आहे."

आजी विचारते, "हे कुठे गेलेत?" आजोबांना जाऊन बारा वर्षं झालेली. प्रत्येक वेळी "ते वारले" म्हणालात तर ती प्रत्येक वेळी नव्याने विधवा होते. मग खोटं बोलायचं का? माझं मत विचाराल तर थेट खोटं बोलायची गरज फार क्वचित पडते. "त्यांची आठवण येतेय का? ते गंगेवरून येताना नेहमी काय आणायचे गं?" असं विचारलं की ती चिवड्याबद्दल बोलू लागते. तिला हवा असतो त्यांचा विषय. "मला घरी जायचंय" याचंही तसंच. ती स्वतःच्याच घरात बसून हे म्हणते तेव्हा तिला माहेर हवं असतं, नाहीतर लघवीला लागलेलं असतं, नाहीतर संध्याकाळच्या अंधाराने भीती वाटते. आधी दिवा लावा, बाथरूमला नेऊन आणा, मग माहेराबद्दल विचारा.

चोरीचा आरोप सगळ्यात कडू. "माझ्या पाटल्या सुनेनेच घेतल्या." पाटल्या तिनेच कुठेतरी जपून ठेवलेल्या असतात; ठेवल्याची नोंद नाही, मग मेंदू रिकामी जागा एखाद्या गोष्टीने भरून काढतो, आणि गोष्टीतला चोर होतो तो सतत जवळ असणारा माणूस. जी जास्तीत जास्त करते तिच्यावरच आळ येतो. बाकी भावंडांनी अशा वेळी फोनवरून चौकशी आयोग नेमू नये. खरे दागिने लॉकरमध्ये, हातात एक ग्रॅमच्या पाटल्या, आणि लपवण्याच्या ठरलेल्या जागा ओळखून ठेवा: तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याच्या मागे, जुन्या साडीची घडी. शोधायला तिला सोबत घ्या. "चला, आपण दोघी शोधू" म्हटलं की तुम्ही तिच्या बाजूच्या होता.

घर आणि दिवस

फार बदल करू नका. पलंग त्याच जागी, देव्हारा त्याच जागी, चहाचा कप तोच. नव्या टाइल्स, नवं फर्निचर, दिवाळीचं रंगकाम, सगळं पुढे ढकला. जुनं घर पायांना पाठ असतं.

म्हणूनच आईवडिलांना भावंडांत पाळीपाळीने फिरवायची पद्धत या आजारात घातक ठरते. तीन महिने इंदिरानगर, तीन महिने पिंपरी, तीन महिने ठाणे. न्याय्य वाटणी म्हणून ठीक, पण प्रत्येक नव्या घरात बाथरूम कुठे हे शिकायलाच त्या मेंदूला जमत नाही, आणि मग "इथे आल्यावर आई फारच बिघडली" म्हणून भावजया एकमेकींकडे बघतात. फिरायचंच असेल तर मुलांनी फिरा. आई नाशिकला, आणि पाळी मुलांची. ते जमत नसेल तर पैशाची वाटणी करा.

स्वयंपाकघरात गॅसचा रेग्युलेटर रात्री आणि घरात कोणी नसताना बंद ठेवायची सवय लावा. गिझरचं तापमान कमी करा. बाथरूमची आतली कडी काढून टाका आणि रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा. गोळ्या माणसाच्या ताब्यात ठेवू नका. मधुमेहाची गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

दिवस भरण्यासाठी कोडी आणि मोबाइलवरचे मेंदूचे खेळ आणू नका. जमलं नाही की चिडचिड. हाताला येतं ते काम द्या. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती, कपड्यांच्या घड्या, तुळशीला पाणी. प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका रोज सकाळी डबा मागत, शिफ्टला जायचंय म्हणून. घरच्यांनी वाद घालणं सोडलं. डबा भरून देत, सून सोबत निघे, जेल रोडने एक चक्कर मारून दोघं परत येत आणि काका समाधानाने डबा खात. त्यांच्या मेंदूत जी वाट शिल्लक होती तीच वापरली. आरत्या, हरिपाठ, शाळेतल्या कविता हेही खूप उशिरापर्यंत टिकतं. बोलणं तुटल्यावरसुद्धा पुष्कळांना आरतीचे शब्द येतात.

बाहेर हरवलं तर

आज ना उद्या दार उघडून निघून जाणं होतं. पाठोपाठ कुलूप लावण्यापेक्षा आधी चार माणसं तयार करा: कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षा स्टँडवरचा एखादा चालक, वॉचमन, समोरची वहिनी. "बाबा एकटे दिसले तर थांबवून चहा पाजा आणि फोन करा" एवढंच सांगा. आजार लपवणाऱ्या घरांना हीच मदत मिळत नाही. शर्टाच्या खिशात आणि पाकिटात नाव व दोन फोन नंबर असलेलं प्लॅस्टिकचं कार्ड ठेवा. बाईमाणसाच्या परकराला किंवा ब्लाउजला आतून कापडी पट्टी शिवा, कारण पर्स कुठेही राहते.

हरवलेलं माणूस बहुतेकदा जुन्या ठिकाणाकडे जातं: पूर्वीचं घर, कामाचा गेट, माहेरचा वाडा, देऊळ. ही यादी आत्ताच कागदावर लिहा. नाशिकमध्ये पहिली माणसं नदीकडे पाठवा, रामकुंड ते टाळकुटेश्वर दोन्ही काठ. मग सीबीएस, मेळा स्टँड, नाशिकरोड स्टेशन. त्याच वेळी ११२ ला फोन आणि पोलीस ठाण्यात तक्रार. चोवीस तास थांबावं लागतं ही अफवा आहे. आज सकाळचा, आजच्या कपड्यातला फोटो मोबाइलमध्ये असला तर शोध सोपा जातो, म्हणून रोज एक काढून ठेवा.

२०२७ चा सिंहस्थ येतोय. पर्वणीच्या दिवशी अशा माणसाला घाटावर नेऊ नका. आईने कितीही आग्रह धरला तरी रामकुंडाचं पाणी कळशीत भरून घरी आणा. रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाच्या, गर्दीतही तेच.

कागदपत्रं, आणि ती लवकर

बहुतेक घरं आधी कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. भारतीय करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याचं मानसिक भान सुटलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी ते कामाचं राहत नाही. पुढे मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यामुळे समज शाबूत असताना, त्यांच्या संमतीने, बँक खाती दोघांपैकी कोणीही चालवू शकेल अशी करून घ्या, सगळीकडे नॉमिनी नोंदवा, आणि मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशीचं, समज चांगली असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, आपल्या उपचारांबाबत आपल्या वतीने कोण बोलणार ते आधी लिहून ठेवता येतं.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. निफाड-दिंडोरीकडे शेती असेल तर सातबारा दर दोन महिन्यांनी ऑनलाइन पाहत राहा. द्राक्षबागेच्या जमिनीला गिऱ्हाईक नेहमीच असतं, आणि विसराळू म्हाताऱ्याकडून अंगठा घेणाऱ्या ओळखीच्यांची कमी नाही. फोनवरून बँकेचे व्यवहार बंद करा, ओटीपी तुमच्या नंबरवर घ्या.

सांभाळणारं माणूस

एकटीने होत नाही. हे आजाराचं लक्षण म्हणूनच धरा. रात्री जागं राहणारा रुग्ण आणि दिवसभर घर चालवणारी सून, सहा महिन्यांत दोघीही आजारी पडतात. आठवड्यातला एक पूर्ण अर्धा दिवस तिचा, हे लिहून ठरवा आणि त्या वेळी दुसरं कोणीतरी येऊन बसा. ब्युरोकडून मावशी आणली तर पहिले काही दिवस तिला "कामाला" नाही, "मदतीला आलेली पाहुणी" म्हणून ओळख करून द्या. आजी तिला लवकर स्वीकारते. मन भरून आलं तर टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही प्रश्नासाठी एल्डरलाइन १४५६७ आहे. दोन्ही मोफत.

पुन्हा घाई कधी करायची

हा आजार महिन्यामहिन्याने उतरतो, रात्रीतून नव्हे. कालपर्यंत जेवणारं, ओळखणारं माणूस आज अचानक बरळायला लागलं, दिवसा झोपून रात्री ओरडायला लागलं, हवेत हात मारायला लागलं, तर "आजार वाढला" म्हणून थांबू नका. बहुतेकदा लघवीचा संसर्ग, छातीतला कफ, तुंबलेलं पोट, कमी पडलेलं पाणी, उतरलेलं सोडियम किंवा नवी सुरू झालेली गोळी यांपैकी काहीतरी असतं, आणि ते बरं होतं. उन्हाळ्यात पाणी मागायचंच विसरलं जातं. दर दोन तासांनी पेला हातात द्या. जेवताना ठसका वाढला, घास तोंडातच राहू लागला, तर भात-वरण मऊ कालवा, माणूस ताठ बसवा, झोपून काहीही भरवू नका, आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. रुग्णाच्या वहीत ही तारीखही टाका, पुढच्या भेटीत डॉक्टर ती पहिली विचारतील.